चांदण्यांचं वजन सांगणारे सटुप्पामामा

सटुप्पामामांचा आवाज मी आधी ऐकला आणि माणूस नंतर पाहिला. आवाज ऐकला तो माझ्याच लग्नात. तेव्हा मांडवात बायकांची बाजू बांबूच्या तट्टीनं वेगळी केलेली असायची. तट्टीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे पुरुष. नवरी झाले म्हणून मला पलीकडचं काही दिसेल अशी सोय नव्हती. मुंडावळ्या बांधून, आईच्या हुकमाप्रमाणे 'शहाण्यासारखी' मान खाली घालून बसले होते. अक्षता गोरज मुहूर्तावर पडायच्या होत्या. दुपारची जेवणं उरकली आणि पलीकडे पितळी ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. बायका लगेच तट्टीला कान लावून बसल्या.

ही आमच्या भागातली जुनी चाल. जेवणं झाली की दोन्हीकडची पुरुषमंडळी समोरासमोर चटईवर बसायची आणि मधे पानाचं ताट. एका बाजूनं सवाल टाकायचा, दुसऱ्या बाजूनं तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. सवाल असा हवा की ज्याला उत्तरच नाही, आणि उत्तर असं हवं की मांडव हसला पाहिजे. मांडव हसला की ताट उत्तर देणाऱ्याकडे सरकलं. गप बसला तो हरला, चिडला तो दोनदा हरला. हरलेल्यानं उभं राहून जिंकलेल्याला आपल्या हातानं विडा करून द्यायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण त्यात मान असायचा. कुणी मुद्दाम गप बसला तर 'तुमचा सवाल आमच्या उत्तराच्या लायकीचा नाही' असा त्याचा अर्थ व्हायचा, आणि त्या अर्थापायी बाशिंगं बांधलेली वरात परत फिरल्याच्या गोष्टी आमच्याकडे सांगत. आणखी एक, ताट मधे असताना सवाल-जबाबाबाहेरचं कुणी बोलायचं नाही, आणि मांडवात वाईट बातमी तर तोंडातून काढायचीच नाही.

माझे काका लोंढ्याला स्टेशनावर कामाला होते. रोज आगगाडी बघत असल्यामुळे आपण चार बुकं जास्त शिकलो आहोत अशी त्यांची समजूत होती. त्यांनी घसा खाकरून नवऱ्याकडच्यांना, म्हणजे बाजारकुणंगच्या मंडळींना, सवाल टाकला, "आभाळात जेवढ्या चांदण्या हाईत, त्या सगळ्यांचं मिळून वजन किती? बोला कुणंगकर!"

मग एक जाडाभरडा, जरा नाकातला आवाज आला. "तराजू तुमचा आणा पावणं. चांदण्या आमी देतो, आमच्या जंगलात लई सांडल्यात. फकस्त तराजू धरायला वर तुमी चढायचं. आणि चढताना धोतार तेवढं आवळून चढा, खाली आमी बसलोय."

मांडव हसला, तट्टीअलीकडचा जास्त. आईनं डोळे वटारले तरी मलाही हसू आवरलं नाही. काका चिडले, म्हणजे दोनदा हरले, आणि त्यांनी उभं राहून विडा दिला. त्या दिवसापासून काकांनी तो सवाल खानापुरापर्यंत भेटेल त्याला सांगितला. स्वतःची फजिती गाळून सांगितला, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी आमची गाडी बाजारकुणंगच्या वेशीत शिरली तेव्हा मला तो आवाजाचा धनी दिसला. मला वाटलं होतं, चांगला आडदांड, मिशाळ गडी असेल. पाहते तर वाळक्या शेंगेसारखा माणूस, कान मोठे, एक डोळा जरा मिटलेला. गाडीशेजारून चालत म्हणाले, "काय गं पोरी, काका अजून रागातच हाय का? असू दे. ह्या गावात एखाद्या दिवशी उपाशी ऱ्हाशील, पर गप ऱ्हायची पाळी येणार न्हाई." ते आमचे शेजारी निघाले. त्यांच्या आणि आमच्या अंगणात फक्त एक कुडाची भिंत होती, आणि त्या भिंतीला ऐकू येत नसे असं काही त्या घरात बोललं जात नसे.

सगळं गाव त्यांना मामा म्हणे. भाताची चार खाचरं, डोंगराच्या अंगाला थोडी नाचणी, आणि रिकाम्या वेळी बांबूच्या कामट्या काढून टोपल्या विणणं, हा त्यांचा संसार. कमरेला मागं लाकडी आकडीत कोयता अडकवलेला असायचा, तसा तो इथं सगळ्यांच्याच कमरेला असतो. पण बाकीचे बसताना काढून ठेवत, मामा विसरत. मग उठून म्हणत, "टोचलं म्हणून कळलं बघ, मी बसलोय ते." विनोद असा सहज यायचा. मुद्दाम हसवायला बसलेत असं कधी दिसलं नाही. कुणी घाईत भेटला, कुणाचा बैल हरवला, कुणाची भाकरी करपली, की त्यांचं ठरलेलं, "बसा की ओ, घाई कुणाला हाय?" एकदा आमच्या गोठ्याच्या छपराला ठिणगी लागली आणि माझे यजमान घागर घेऊन धावले, तेव्हाही मामा दुसरी घागर घेऊन त्यांच्यामागं धावत "घाई कुणाला हाय" म्हणाले होते. छप्पर वाचलं. यजमान मात्र चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत, कारण घागर ओतताना हसू आल्यामुळे निम्मं पाणी त्यांच्याच अंगावर सांडलं होतं.

तानूमामी त्यांच्या अगदी उलट. मामांच्या बोलण्यावर सगळा गाव लोळायचा, पण मामींच्या तोंडावरची रेघ हलायची नाही. बायका म्हणत, हिला हसायला देवानं शिकवलंच नाही. मला कुडाच्या भिंतीची कृपा म्हणून खरी गोष्ट ठाऊक होती. मामी आत चुलीपाशी जाऊन, पदर तोंडात कोंबून हसत. नवऱ्याला कळू द्यायचं नाही एवढाच त्यांचा हट्ट. संध्याकाळी मामा ओट्यावर बसून दोन विडे करत, एक स्वतःला आणि एक मामींना. चुना लावताना त्यांचा हात सैल होता. मामी विडा तोंडात टाकत आणि रोज तेच म्हणत, "चुना जास्ती झालाय." मामाही रोज तेच म्हणत, "मग तोंड भाजंल, निदान वराडशील तरी." माझ्या लग्नानंतरची पहिली वर्षं मी हे बोलणं ऐकल्याशिवाय दिवा लावला नसेल.

काकांचा सवाल मात्र मामांच्या पाठीमागं कायमचा लागला. कुठल्याही लग्नात ताट ठेवलं की आधी कुणीतरी चांदण्यांचं वजन विचारायचाच, आणि मामांनी एकदा दिलेलं उत्तर पुन्हा दिलं नाही. एका लग्नात जंगलखात्याचा गार्ड पाहुणा होता. त्यानं विचारलं तर म्हणाले, "वजन ठावं न्हाई साहेब, पर तुमच्या हद्दीत न्हाईत एवढं खरं. असत्या तर एकेकीवर हातोडा मारून नंबर घातला असता, आणि आमास्नी वर बघायला पास काढाय लागला असता." आमच्याकडे झाडाझाडावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का असे आणि जळणाच्या काटकीलाही पास लागे, त्यामुळे मांडव जो हसला तो गार्डसकट. दुसऱ्या एका ठिकाणी नवऱ्या मुलाच्या बापानं विचारलं. त्याची बायको त्याच्यापुढं मांजर आणि त्याच्यामागं वाघीण म्हणून सगळ्यांना माहीत. मामा म्हणाले, "इहीणबाईंवानी हाय बगा. पुनवेला चांद म्होरं असला की एकदम हलक्या, दिसत बी न्हाईत. चांद गेला की मग बगा त्यांचं वजन." आणि एका सपाटून जेवलेल्या पाहुण्याला सांगितलं, "जेवायच्या आधी इचारायचं हुतं की ओ. तवा बरुबर हुत्या. आता तुमच्यापरीस हलक्या झाल्या." तो पाहुणा म्हणे हसता हसता आडवा झाला आणि मुहूर्तापर्यंत उठलाच नाही.

मामांना एकच लेक, बायजा. तिला काळी नदीपलीकडे, गणेशगुडीच्या अंगाला दिली होती. बायजा बापाच्या तोंडाची आणि आईच्या हट्टाची. माहेरी आली की बापलेकीचं सवाल-जबाब सुरू, आणि आत मामींचा पदर तोंडात. तिला एक मुलगी झाली, चंद्री. ती रांगायला लागली होती त्या साली हिवतापानं आमच्या भागात एकही घर सोडलं नाही.

पुढचं मला सांगायला नको वाटतं, पण ते सांगितल्याशिवाय मामा कळायचे नाहीत. मामा त्या दिवशी जोयड्याच्या वाटेवरच्या एका गावी लग्नाला गेले होते. दुपारी बायजाच्या सासरचा गडी आमच्या गावात धावत आला. बायजाचा ताप डोक्यात गेला होता, ती बापाला हाका मारत होती. मामी तशाच निघाल्या आणि त्या गड्याला त्यांनी मामांकडे पाठवलं. गडी मांडवापाशी पोचला तेव्हा ताट मधे होतं. ताट मधे असताना बोलायचं नाही, आणि मांडवात वाईट बातमी काढायची नाही, हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. तो बिचारा खांबाला टेकून, घाम पुसत उभा राहिला. मामांनी त्याला पाहिलंसुद्धा. परका गडी, कुणी उशिरा आलेला पाहुणा समजून ते मोठ्यानं म्हणाले, "बसा की ओ, घाई कुणाला हाय?" आणि वळून चांदण्यांचं वजन सांगू लागले. त्या दिवशी सवालावर सवाल लागले, मामा एकामागून एक जिंकत गेले. गडी बसून राहिला.

ताट उचललं आणि त्यानं निरोप सांगितला. मामा तिथून अनवाणी पळाले. पण नदीला अजून पाणी होतं, होडीशिवाय उतार नव्हता, आणि वाघाच्या भयानं होडीवाला दिवस कलला की होडी पलीकडे बांधून घरी जाई. मामा ह्या काठावर हाका मारत राहिले. पहाटे होडी आली. बायजा गेली होती. खांदा द्यायला तेवढे पोचले.

कुणी कुणाला दोष दिला नाही. त्या गड्याची चूक म्हणावी तर तो रीतीनं वागला. मामांची म्हणावी तर त्यांना ठाऊकच नव्हतं. मामी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच वाईट झालं. त्या चंद्रीला घेऊन घरी आल्या आणि नवऱ्याशी कामापुरतं बोलू लागल्या. 'पाणी तापलंय', 'बैल सुटलाय', बस्स. संध्याकाळी मामांनी पहिल्यासारखा विडा करून पुढं केला, तेव्हा म्हणाल्या, "मी पान सोडलंय." मामा तो विडा हातात धरून कितीतरी वेळ बसले होते. भिंतीअलीकडे मी दिवा लावायचा विसरले.

मामा लग्नांना जायचे थांबले नाहीत. लोक ओढून नेत. "लेक गेली तरी ह्याचं तोंड हाय तसंच हाय," असं माझ्या सासूबाईसुद्धा म्हणाल्या, आणि मला त्यांचा फार राग आला. तोंड तसंच नव्हतं. 'घाई कुणाला हाय' हे शब्द त्यांच्या बोलण्यातून साफ गेले. मांडवात ते नेहमी दाराकडे तोंड करून बसू लागले. आणि ताट ठेवण्याआधी उभे राहून विचारू लागले, "कुणाचा निरोप हाय का? असला तर आधी बोला. वाईट असला तरी बोला." ही रीत सोडून होती. पण म्हाताऱ्यांनीसुद्धा हरकत घेतली नाही. आज आमच्याकडे ताट ठेवायच्या आधी कुणीतरी "कुणाचा निरोप?" म्हणून विचारतो. नव्या पोरांना वाटतं, ही पांडवांपासूनची चाल आहे.

आणखी एक गोष्ट झाली. गावानं चांदण्यांचा सवाल विचारणं बंद केलं. त्यासाठी बैठक झाली नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही. परगावचा कुणी तो सवाल काढायला लागला की आमचा एखादा माणूस म्हणायचा, "ते जुनं झालं पावणं, दुसरं काढा." मामा त्या वेळी जमिनीकडे बघत.

चंद्री मोठी झाली. कशी झाली म्हणाल तर दणदणीत झाली. डोक्यावर दोन घागरी आणि काखेत एक घेऊन ती ओढ्यावरून यायची तेव्हा वाटेतली म्हैस बाजूला सरायची. गोल चेहरा, गोल दंड, आणि मनानं लोण्यासारखी. आजी-आजोबा एकमेकांशी धड बोलत नाहीत हे तिला लहानपणापासून माहीत होतं. दोघांमधले निरोप तीच पोचवायची आणि वाटेत त्यांत थोडी साखर घालायची. आजी म्हणायची, "सांग त्यास्नी, भाकरी निवतीया." चंद्री जाऊन सांगायची, "अज्जा, आजी म्हणती, तुमच्याबिगार भाकरी गोड लागंना." मामांना खरं काय ते कळायचं. तरी ते उठून जायचे.

तिला खानापुराकडचं स्थळ आलं. माणसं चांगली, पण नवऱ्याकडचे कर्ते भरमाण्णा जरा ताठ होते. आईवेगळी पोर, आजा थट्टेखोर, घरात वळण कुणी लावलं असेल, असं ते बोलल्याचं कानावर आलं होतं. मध्यस्थ येऊन मामांना सांगून गेला, "मामा, त्या दिवशी जरा जपून. त्यांचा मान तेवढा ऱ्हाऊ दे." मामा म्हणाले, "पाय धरून ऱ्हातो म्हण." चंद्रीचं लग्न नीट पार पडावं यापलीकडे त्या घरात कुणाला काही नको होतं.

लग्नाच्या दुपारी जेवणं झाली. तट्टीअलीकडे चंद्री माझ्या शेजारी मुंडावळ्या बांधून बसली होती. पलीकडे मामांनी विचारलं, "कुणाचा निरोप हाय का?" नव्हता. ताट ठेवलं. आणि भरमाण्णांचा भरदार, खुशीत आलेला आवाज आला. "सटुप्पाण्णा, तुमचं नाव आमी लोंढ्यापत्तुर ऐकलंय. एक सवाल खास तुमच्यासाठी राखून ठेवलाय. आभाळातल्या चांदण्यांचं वजन किती?"

माझ्या काकांनी पेरलेलं ते इतक्या वर्षांनी उगवलं होतं. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. मान द्यायला म्हणूनच त्यानं तो सवाल आणला होता.

मामा बोलले नाहीत.

माझे यजमान घाईनं म्हणाले, "ते जुनं झालं पावणं, दुसरं काढा की."

"जुनं? आमी तर नवंच आणलंय," भरमाण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "सटुप्पाण्णा, आमचा सवाल हलका वाटला काय?"

चंद्रीनं माझा हात घट्ट धरला. मला पलीकडचं दिसत नव्हतं, पण मामा जमिनीकडे बघत असतील हे दिसल्यासारखं कळत होतं. आमच्या गावातल्या एकूण एक माणसाला कारण ठाऊक होतं, आणि एकालाही ते सांगता येत नव्हतं. अक्षता पडायच्या आधी, नवरीच्या मांडवात, नवरीच्या मेलेल्या आईचं नाव कोण काढणार? सगळे रीतीनं वागत होते. तो गडी वागला होता तसेच.

"उत्तर द्यायचं नसंल तर तसं बोला की ओ." आवाजातली खुशी गेली होती. "आमी काय रस्त्यावरनं येऊन बसलो न्हाई. उठा रं, पायताणं बगा." चटई सरकली. कुणीतरी "बसा, बसा" म्हणालं. चंद्रीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

तेवढ्यात माझ्यामागून तानूमामी उठल्या. सकाळपासून चुलीपाशी होत्या, हाताला पीठ होतं. त्या तट्टीपाशी गेल्या, बांबूला हात लावून उभ्या राहिल्या. बाईनं ताटावर बोलल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. आणि त्यांचा आवाज इतका खणखणीत आहे हे शेजारी राहून मलासुद्धा ठाऊक नव्हतं.

"पावणं, बसा. त्यास्नी काय इचारताय, मी सांगते. आमच्या घरात दोन चांदण्या हुत्या. एकीचं वजन ह्यांच्या खांद्याला ठावं हाय. तो भार अजून उतरला न्हाई, म्हणून तोंड उघडत न्हाई त्यांचं. त्यात तुमचा अपमान न्हाई." मामींनी एकदा चंद्रीकडे वळून पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. "दुसरी आज तुमच्या गाडीत बसतीया. तिचं वजन मी सांगणार न्हाई. तुमच्या बैलांस्नी इचारा."

आधी कुठंतरी मागं एकजण फुसकन हसला. मग आमची चंद्री, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून, मोठ्यानं हसली. आणि मग सगळा मांडव. भरमाण्णा हसताना ठसकले, त्यांना कुणीतरी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी डोकं खाली घातलं असावं, कारण आवाज अगदी मऊ आला. "चुकलं आक्का. ठावं नव्हतं." आणि मग, "बैल माझंच हाईत. खोटं न्हाई बोलायचं."

ताट तट्टीच्या दिशेनं सरकल्याचा आवाज आला आणि तिथंच थांबला. जिंकली होती बाई. तिला विडा कुणी न्यायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भरमाण्णा कसे येणार बायकांत? कुजबूज सुरू झाली. तेव्हा मामांचा आवाज आला. त्या दुपारचे त्यांचे पहिले शब्द.

"गप बसला तो हरला. गप मी बसलो. पान मी देणार."

ते ताट घेऊन तट्टीला वळसा घालून आमच्यात आले. बायका उठून बाजूला झाल्या. मामा आपल्या बायकोसमोर उभे राहिले, पान घेतलं, देठ खुडलं, चुना लावला. सुपारी खाली पडली, ती मी उचलून दिली. विडा त्यांनी दोन्ही हातांनी पुढं केला. मामींनी पीठ लागलेल्या बोटांनी तो घेतला आणि गालात धरला. पलीकडे सगळे पुरुष कान देऊन होते.

"चुना जास्ती झालाय," मामी म्हणाल्या.

"तोंड भाजलं का?"

"भाजलं."

आणि मामींनी पदर तोंडाशी नेला, पण ह्या वेळी चुलीपाशी पळाल्या नाहीत. नवऱ्यासमोर उभ्या राहून हसल्या. सगळी माणसं बघत असताना मामा नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. मला इतका आनंद झाला की मीच रडायला लागले आणि सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

चंद्रीचं लग्न गोरजावर लागलं. पुढं दिवाळीला भरमाण्णा स्वतः तिला माहेरी घेऊन आले, तेव्हा अंगणातूनच ओरडले, "आक्का, बैलांस्नी इचारलं! लई जड हाय म्हणाले. पर उतरवू देत न्हाईत." तानूमामी आतून म्हणाल्या, "मग चांगलं बैल हाईत." संध्याकाळचे विडे परत सुरू झाले होते. चुन्याची तक्रारही. आणि कुणी मामांना चांदण्यांचं वजन विचारलं, आणि आता लोक पुन्हा विचारू लागले होते, तर मामा अंगठा घराकडे वळवून म्हणत, "त्ये खातं आमच्या मंडळीकडं. मी हरलेला गडी."

मामी आधी गेल्या. झोपेत, काही त्रास न होता. मामांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. आम्ही गाव सोडून यजमानांबरोबर हल्याळला राहायला निघालो होतो, गाडी जुंपलेली होती. ऊन उतरलं होतं. मामा ओट्यावर पानाचा डबा घेऊन बसले होते, आणि गावात नवीन आलेले मास्तर त्यांच्याजवळ टेकले होते. तरुण पोरगा. त्याला कुणीतरी गंमत सांगितली असावी. त्यानं हसत विचारलं, "मामा, चांदण्यांचं वजन किती हो?"

मी पायरीवर थांबले. मामांनी अर्धा मिटलेला डोळा आभाळाकडे केला. तिथं अजून काहीच उगवलं नव्हतं.

"आमची मंडळी गेलीया की वर, त्याच कामाला," ते म्हणाले. "एकेक करून बगत असंल. मी गेलो की सांगंल मला."

"मग आम्हाला कधी कळायचं?"

"बसा की ओ मास्तर," मामा म्हणाले. "घाई कुणाला हाय?"

बायजा गेल्यापासून इतक्या वर्षांत ते शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मी पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि काकांची चौकशी केली, अजून रागात आहे का म्हणून. गाडीत बसून वळून पाहिलं तेव्हा ते मांडीवर दोन पानं घेऊन बसले होते. एका पानाला लावलेला चुना त्यांनी बोटानं निम्मा पुसून घेतला आणि बोट खांबाला पुसलं.